येणे, मुदत आणि वसुली : भयकथेच्या विद्येविषयी



ज्या ग्रंथप्रेमी गृहस्थांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला दर वर्षी गुंफली जाते, त्यांच्या कपाटात संतवाङ्मयाच्या शेजारीच भुताखेतांच्या कादंबऱ्याही मानाने उभ्या असत, असे चालकांनी निमंत्रणाच्या पत्रात आवर्जून कळविले नसते, तर अशा गंभीर व्यासपीठावर भयकथेचा विषय मांडण्याचे धाडस मला झाले असते की नाही, याची शंकाच आहे. आपल्याकडे भयकथा वाचणारे पुष्कळ, वाचल्याचे कबूल करणारे थोडे, आणि तिची म्हणून एक विद्या आहे, ती जाणत्यांपाशी बसून शिकावी लागते, हे मान्य करणारे तर त्याहूनही थोडे. आज मला एवढेच प्रतिपादन करावयाचे आहे की, या विद्येचे मर्म भुतात नाही. भुताचे जे काही येणे थकलेले असते त्यात ते आहे. आणि अनुभवी कथाकारांपासून व पटकथाकारांपासून नवशिक्याने शिकावयाचे ते हे, की येणे कोणाचे, त्याला मुदत किती द्यावी, आणि अखेरीस वसुली कशी व्हावी.

या प्रतिपादनाला पहिला दाखला आपल्या याच शहराने पुरविला आहे. शहाजीराजांच्या जहागिरीचे ठाणे म्हणून सतराव्या शतकात मराठी माणसाच्या ओळखीचे झालेले हे बंगळूर. त्याने १९९० च्या सुमारास एक भयकथा अशी निर्माण केली की, जिला कर्ता नाही, ग्रंथ नाही, आणि जिचा सारा मजकूर दोन शब्दांत मावतो. रात्री एक चेटकीण दारावर थाप मारते, ती घरातल्याच जिवलग माणसाच्या आवाजात हाक घालते, दार उघडणारा जगत नाही, अशी आवई गल्लोगल्ली उठली, आणि लोकांनी आपापल्या दारांवर व भिंतींवर कानडीत ‘नाळे बा’, म्हणजे ‘उद्या ये’, असे लिहून ठेवले. चेटकीण ते वाचते, परत फिरते, दुसऱ्या रात्री येते, पुन्हा तेच वाचते आणि पुन्हा परत जाते. असा तो व्यवहार. या शहरात दीर्घकाळ राहिलेल्या मंडळींना ती अक्षरे अजून आठवत असतील.

आपण हसतो, आणि हसण्याजोगे त्यात आहेही, कारण साक्षर असून शिवाय कायदा पाळणारी चेटकीण इतर कोठे आढळल्याचे माझ्या ऐकिवात नाही. तथापि कारागिराच्या दृष्टीने पाहू गेल्यास या आवईत भयकथेची जवळजवळ सगळी सामग्री सिद्ध आहे. दार आहे, म्हणजे आत घर आहे आणि गमावण्यासारखे काही आहे. हाक परक्याची नाही, आईची किंवा बहिणीची आहे, म्हणजे संकट ममतेच्याच वाटेने येत आहे. त्या अमानुष शक्तीलाही एक नियम बंधनकारक आहे. आणि सर्वांत महत्त्वाचे असे की, ती टळत नाही, केवळ तहकूब होते. इंग्रज कथाकार डब्ल्यू. डब्ल्यू. जेकब्स याची १९०२ मधील ‘द मंकीज पॉ’ ही कथा ज्यांनी वाचली असेल त्यांना स्मरेल की, तिचाही सारा प्राण दारावरच्या थापेत आहे. आई अडसर काढू पाहते, बाप तिसरा वर मागून मोकळा होतो, आणि दाराबाहेर काय उभे होते ते वाचकाला शेवटपर्यंत पाहावयास मिळत नाही. लंडनचा व्यवसायी लेखक आणि बंगळूरच्या गल्लीतील अनामिक मंडळी एकाच तंत्रावर येऊन ठेपली, याचा अर्थ ते तंत्र मनुष्यस्वभावातच कोठे तरी रुजलेले आहे.

परंतु त्या आवईत एक उणीव होती. ती बाई कोण, तिचे या शहराकडे काय येणे होते, हे कोणी सांगितले नाही. आणि म्हणून काही काळ घबराट माजवून ती आवई विरून गेली. पुढे राज निदिमोरू आणि कृष्णा डी. के. या लेखकद्वयाने हीच दंतकथा उचलून २०१८ साली पडद्यावर आलेला ‘स्त्री’ हा हिंदी चित्रपट लिहिला, तेव्हा त्यांनी गाव बदलून चंदेरी केले, भीतीला विनोदाची जोड दिली, पण मुख्य कामगिरी केली ती ही की, उणीव असलेले ते कलम भरून काढले. त्यांची स्त्री ही एक गणिका आहे; तिच्यावर खरे प्रेम करणारा पुरुष तिला लाभला आणि विवाहाच्या रात्रीच गावाने दोघांचा जीव घेतला. आता दारावरची थाप ही नुसती थाप राहिली नाही, ती फिर्याद झाली. आवई आणि कथा यांमध्ये जे अंतर आहे ते नेमके एवढेच आहे.

आपल्या प्राचीन शास्त्रकारांना हे अपरिचित नव्हते. भरताच्या नाट्यशास्त्रात भयानक रसाची कारणे सांगताना विकृत ध्वनी, अरण्य, शून्यगृह यांची गणना तर आहेच, परंतु त्यांच्याच पंक्तीला गुरूचा किंवा राजाचा अपराध हेही कारण मोजलेले आहे. आणि पुढे या रसाचे प्रकार तीन सांगितले आहेत ते असे की, सोंगातून उपजणारे भय, अपराधातून उपजणारे भय आणि प्रत्यक्ष त्रासातून उपजणारे भय. बीभत्साला तर भरताने स्वतंत्र रस मानून निराळे आसन दिले. अमेरिकन कादंबरीकार स्टीफन किंग यांनी १९८१ च्या आपल्या ‘डान्स मकाब्र’ या ग्रंथात, न दिसणाऱ्याची धास्ती ही श्रेष्ठ, दिसणाऱ्याची भीती ही मध्यम आणि किळस ही कनिष्ठ, अशी जी उतरंड लावली आहे, ती वाचताना भरताने बीभत्साला वेगळे का काढले असावे याचा उलगडा आपोआप होतो. मात्र अपराधाचा प्रकार किंगच्या उतरंडीत नाही, तो भरताच्या यादीत आहे. आणि माझ्या मते टिकाऊ भयकथा बहुतांशी त्या दुसऱ्या प्रकारात मोडते. दचकविणे हे सोंगाचे काम, पळावयास लावणे हे त्रासाचे काम. पण घरी जाऊन अंथरुणावर पडल्यानंतर जी भीती परत येते ती अपराधाची असते.

आपल्या मराठी मुलुखातील भुतावळीकडे या नजरेने पाहा. मुंज झालेला पण सोडमुंजेपूर्वी निवर्तलेला बटू पिंपळावर मुंजा होऊन बसतो, बाळंतपणात दगावलेली स्त्री हडळ होते, ठेव्यात जीव अडकलेला समंध त्या ठेव्यावरच पहारा करतो. यांपैकी प्रत्येकाचे काही देणे समाजाकडून राहून गेले आहे. कोणाचा संस्कार अपुरा, कोणाची शुश्रूषा झाली नाही, कोणाच्या मालमत्तेचा निकाल लागला नाही. लोकांनी ही भुते निर्माण केली तेव्हा आपल्याच थकबाकीची यादी जणू पिंपळावर आणि विहिरीवर टांगून ठेवली. नवशिका लेखक चूक करतो ती येथे. तो यादी वाचत नाही, केवळ पिंपळ आणि विहीर उचलतो, अमावास्या घालतो, टिटवी ओरडवितो आणि वाचक घाबरत नाही म्हणून वाचकालाच अरसिक ठरवितो.

आता आपल्या भाषेतील जाणत्यांकडे वळू. नारायण धारप (१९२५–२००८) यांच्याइतकी विपुल भयकथा मराठीत दुसऱ्या कोणी लिहिली असेल असे वाटत नाही. त्यांच्यापासून शिकण्यासारखी पहिली गोष्ट म्हणजे निवेदकाचा साधेपणा. त्यांच्या ‘समर्थ’ मालिकेत अलौकिक सामर्थ्य समर्थांकडे असते, परंतु हकिगत सांगण्याचे काम अप्पा जोशींकडे सोपविलेले असते. आणि अप्पा हे आपल्यासारखेच चारचौघांतले गृहस्थ असल्याने, त्यांनी नाकबूल करता करता कबूल केलेली गोष्ट आपणही नाकबूल करू शकत नाही. साक्षीदार जितका शांत तितकी साक्ष भारी, हा न्यायासनापुढचा अनुभव भयकथेतही खरा ठरतो. दुसरी गोष्ट रूपांतराची. किंग यांच्या ‘सालेम्स लॉट’ या १९७५ च्या कादंबरीवरून धारपांनी ‘लुचाई’ लिहिली, हे सर्वविदित आहे. काही जण त्याकडे उसनवारी म्हणून पाहतात, मला मात्र त्यात शिष्यत्वाचा एक कठीण पाठ दिसतो. अमेरिकन गावातले भय चर्च, क्रूस आणि पवित्र पाणी यांच्या आधाराने उभे असते. ते आपल्या मातीत आणावयाचे तर संरक्षणाची, पातकाची आणि प्रायश्चित्ताची सगळी व्यवस्था नव्याने लावावी लागते. एखादी परकी भयकथा मराठीत उतरवून पाहा. मूळ लेखकाने भार कोणत्या खांबावर दिला होता हे तुम्हाला तो खांब काढल्यावर कळेल.

रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०) यांनी आपल्या या प्रकाराच्या लेखनाला गूढकथा हे नाव दिले आणि ते मराठीत रूढ केले. अनेक वर्षे बँकेत नोकरी केलेला हा लेखक मुळात नाटककार होता. बालरंगभूमीवर ‘निम्मा शिम्मा राक्षस’ आणणारा आणि ‘खेकडा’सारख्या संग्रहाने प्रौढांची झोप उडविणारा हात एकच होता, ही गोष्ट मला फार अर्थपूर्ण वाटते. मुलांचा प्रेक्षकवर्ग निर्दय असतो, कंटाळा आला की तो उठून चालू लागतो. त्याच्यापुढे ज्याने लेखणी परजली त्याला एका वाक्याचाही फापटपसारा परवडत नाही. शिवाय मतकरी आपल्या कथा सभांतून सांगत असत. केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजात एम. आर. जेम्स (१८६२–१९३६) हा पुराणवस्तूंचा गाढा पंडित नाताळच्या दिवसांत मित्रांना मेणबत्तीच्या उजेडात आपल्या भूतकथा वाचून दाखवीत असे, आणि त्याच कथांचा पहिला संग्रह १९०४ साली प्रसिद्ध झाला. दोघांची भाषा, धर्म आणि धंदा निराळा असूनही दोघांची पाठशाळा एकच होती. ती म्हणजे समोर बसलेला श्रोता. कोठे श्वास अडकतो, कोठे चुळबूळ सुरू होते, हे कागद सांगत नाही. म्हणून कथा छापावयास धाडण्यापूर्वी ती मोठ्याने वाचून दाखवावी, आणि ऐकणाऱ्याच्या अभिप्रायापेक्षा त्याच्या हातापायांकडे लक्ष ठेवावे.

ज्यांना भयकथाकार म्हणता येणार नाही अशा दोघांचा येथे निर्देश केल्यावाचून मला पुढे जाता येत नाही. कोकणच्या चिं. त्र्यं. खानोलकरांनी ‘रात्र काळी घागर काळी’ लिहिली, आणि याच कर्नाटकात, धारवाडला, इंग्रजीचे अध्यापन करीत जी. ए. कुलकर्णींनी ‘काजळमाया’तील कथा लिहिल्या. नियती नावाच्या सावकाराचे येणे फिटतच नाही, ही जाणीव त्यांनी एकाही भुताच्या साहाय्यावाचून दिली. भूत वजा करूनही जे उरते ते पाहावयाचे असेल तर या दोघांकडे गेले पाहिजे.

पटकथाकारांची शिकवण निराळ्या दिशेने येते. गद्यलेखकापाशी विशेषणांचा खजिना असतो. वाडा भयाण आहे, शांतता जीवघेणी आहे, असे लिहून तो मोकळा होतो. पटकथाकाराला ही मुभा नाही, कारण ‘भयाण’ या शब्दाचे छायाचित्र घेता येत नाही. त्याला कोणता दिवा विझलेला आहे, कोणते दार किलकिले आहे, कोणता आवाज कोणत्या खोलीतून येतो आणि तो ऐकून मूल जेवता जेवता थांबते की नाही, एवढेच लिहावे लागते. ज्यांनी आपली ‘द एक्झॉर्सिस्ट’ ही १९७१ ची कादंबरी स्वतःच पटकथेत उतरविली आणि तिच्यासाठी ऑस्कर पारितोषिक मिळविले, त्या विल्यम पीटर ब्लॅटींचे उदाहरण या दृष्टीने अभ्यासण्यासारखे आहे. मुदतीचा धडा द्यावा तो हिचकॉकने. फ्रेंच दिग्दर्शक त्र्युफो याच्याशी झालेल्या, १९६६ साली ग्रंथरूप पावलेल्या संभाषणात त्याने सांगितले ते असे की, टेबलाखालचा बाँब अकस्मात फुटला तर प्रेक्षक क्षणभर दचकतो, पण बाँब आहे आणि तो अमुक वाजता फुटणार आहे हे प्रेक्षकाला आधी कळले, तर टेबलावरच्या मंडळींच्या क्षुल्लक गप्पाही त्याला असह्य होतात. प्रेक्षकाच्या हाती तारीख द्यावी आणि पात्रांच्या हाती देऊ नये, हे त्यातले सार.

या सर्व पाठांची परीक्षा पाहावयाची तर ‘तुंबाड’ हा २०१८ चा चित्रपट घ्यावा. राही अनिल बर्वे यांनी दिग्दर्शित केलेल्या या चित्रपटाने नाव घेतले श्री. ना. पेंडशांच्या ‘तुंबाडचे खोत’वरून, आणि साखळदंडातल्या म्हातारीचा भाग घेतला धारपांच्या ‘आजी’ या कथेवरून, जिचे मूळ पुन्हा किंगच्या ‘ग्रॅमा’ या कथेत आहे. असा तीन पिढ्यांचा वारसा एका पटकथेत येऊन मिळाला, तरी कथा उसनी वाटत नाही, कारण तिचे येणे आपले आहे. कोकणातला पाऊस, सरकारांचा वाडा, विधवा आई, आणि ज्याने सोने मिळविल्यावर धान्यालाही हात घातला तो लोभी देव हस्तर. त्याचे नियम लेखकांनी दस्तऐवजासारखे काटेकोर लिहिले आहेत: कणकेची बाहुली द्यावी, ती तो खाण्यात गुंतला असता त्याच्या लंगोटातील मोहरा काढाव्यात, आणि पिठाच्या रिंगणाबाहेर पाऊल टाकू नये. पुढे नायक विनायक याचा मुलगा असा हिशेब मांडतो की, एका बाहुलीने काही मोहरा मिळतात, तर पुष्कळ बाहुल्या नेल्यास अख्खा लंगोटच का आणू नये; आणि मग जितक्या बाहुल्या तितके हस्तर उभे राहतात. येथे नियम मोडलेला नाही, तो तंतोतंत पाळला गेला आहे, आणि सर्वनाश त्या पालनातूनच झाला आहे. वेताळपंचविशीत बोललास तर मी परत झाडावर जाईन या एका अटीवर पंचवीस कथा उभ्या आहेत, त्याच परंपरेचे हे अपत्य होय.

बंगळूरकरांनी आपल्या शहराच्याच पवन कुमार यांचा ‘यू टर्न’ हा २०१६ चा कन्नड चित्रपटही जवळून पाहावा. डबल रोडच्या उड्डाणपुलावर दुभाजकाचे दगड सरकवून, वळसा वाचविण्यासाठी, नियम मोडून वळणारे दुचाकीस्वार. एवढीच त्यातली अपराधाची रक्कम, आणि त्या सरकवलेल्या दगडापायी गेलेले दोन जीव हे त्यातले येणे. नगरवासीयाच्या रोजच्या बेफिकिरीत भयकथेचे बीज पाहणे, याला मी पटकथाकाराची खरी नजर म्हणतो. त्यासाठी पडका वाडा लागला नाही, अमावास्याही लागली नाही. विशाल फुरिया यांच्या मराठी ‘लपाछपी’त उसाच्या फडात एका गर्भवतीला जे छळते त्याचे मूळ मुलींच्या हत्येत आहे, भूत तेथे आरोपी नाही, फिर्यादी आहे. उलट दूरचित्रवाणीच्या दैनंदिन मालिकांना रोज रात्री ‘उद्या ये’ म्हणावे लागते, आणि ‘रात्रीस खेळ चाले’सारख्या मालिकेने आकेरीतल्या नाईकांच्या वाड्याचा आणि मालवणी बोलीचा आधार घेऊन ते प्रथम समर्थपणे म्हटले, परंतु येणे काय हे ठरविल्यावाचून नुसत्या मुदती वाढवीत राहिल्यास प्रेक्षकाचा भयावरचाच नव्हे, लेखकावरचाही विश्वास उडतो, हा त्या माध्यमाचा कायमचा धोका होय.

शिष्यत्वाविषयी दोन शब्द. कथासरित्सागरात जी परंपरा सांगितली आहे तीनुसार, प्रतिष्ठानच्या, म्हणजे आपल्या पैठणच्या, सातवाहनाच्या दरबारातला गुणाढ्य विंध्यारण्यात काणभूती नावाच्या पिशाचापाशी बसून कथा शिकला, त्या पिशाचभाषेत स्वतःच्या रक्ताने लिहिल्या, आणि राजाने अव्हेर केल्यावर सात लक्ष श्लोकांपैकी सहा लक्ष पशुपक्ष्यांना वाचून दाखवीत अग्नीत टाकले. मराठी मुलुखाशी संबद्ध अशा या पहिल्या कथाकाराचा गुरू पिशाच होता, याचा अभिमान बाळगावा की नाही ते ज्याचे त्याने ठरवावे. परंतु त्याने गुरूची बोली पत्करली, अर्थात ज्याची कथा त्याच्याच जिभेने सांगितली, हा धडा निर्विवाद आहे. गिरीश कार्नाडांच्या ‘नागमंडल’च्या आरंभी ज्या नाटककाराने आपल्या नाटकांनी लोकांना झोपविले, त्याला एक रात्र जागून काढण्याची शिक्षा मिळते, नाहीपेक्षा मृत्यू, आणि त्या रात्री त्याला जिवंत ठेवते ती ऐकलेली गोष्ट. कार्नाडांना त्या नाटकाच्या लोककथा ए. के. रामानुजनांकडून मिळाल्या होत्या. लेखकाने आधी ऐकावे आणि मग लिहावे, यापलीकडे शिष्यत्वाची व्याख्या मला करता येत नाही.

अखेरीस एका आक्षेपाचा परामर्श घेतला पाहिजे. ज्या महाराष्ट्रात डॉ. नरेंद्र दाभोलकरांची २०१३ साली हत्या झाली आणि त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा झाला, ज्या कर्नाटकाने २०१७ साली तशाच स्वरूपाचा कायदा केला, तेथे भुतांच्या कथा लिहिणे म्हणजे अंधश्रद्धेला खतपाणी घालणे नव्हे काय? आक्षेप गंभीर आहे आणि तो हसून वारता येणार नाही. एखाद्या विधवेला, एकाकी वृद्धेला चेटकीण ठरवून गाव तिच्यावर उठते, तेव्हा त्या गावानेही एक भयकथा रचलेली असते; तिच्यात थाप मारणारी बाई अपराधी असते आणि दाराआडचे सगळे निर्दोष असतात. ही कथा खोटी आहे, आणि ती लिहिणाऱ्या लेखकाला विद्या अवगत असली तरी त्याने ती गैरमार्गाला लावली असे मी म्हणेन. खरी भयकथा याच्या उलट दिशेने जाते; ती वाचकाला दाराआडच्या मंडळींत बसविते आणि विचारते की, बाहेर उभ्या असलेल्याचे तुम्ही काय लागता. अंधश्रद्धा भुताला घाबरावयास शिकविते. उत्तम भयकथा आपण केलेल्या अन्यायाला घाबरावयास शिकविते, आणि या दुसऱ्या भीतीची समाजाला आजही गरज आहे.

म्हणून जे तरुण या वाटेने जाऊ इच्छितात त्यांना माझे सांगणे एवढेच की, पहिले पान लिहिण्यापूर्वी एका कोऱ्या कागदावर आपल्या कथेतले येणे कोणाचे, ते कोणी बुडविले आणि बुडविणाऱ्याने आजवर स्वतःची समजूत कशी घातली, हे साध्या भाषेत मांडावे. ते मांडता आले नाही तर भूत कितीही अक्राळविक्राळ असो, कथा लिहू नये. आणि मांडता आले, तर पुष्कळदा असे दिसून येईल की भुताला रंगमंचावर आणण्याची निकड उरलेली नाही.